पाळक येण्याआधीची मंडळी

आमच्या मंडळीच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. आजवरच्या सगळ्या पाळकांची नावं तिच्यावर ओळीनं कोरलेली आहेत, पुढे प्रत्येकाच्या सेवेची वर्षं. लहानपणी उपदेश लांबला की मी ती पाटी वरून खाली आणि खालून वर वाचत बसायची. माझ्या आजीचं नाव तिच्यावर नाही. ती पाळक नव्हती, बायबलबाई होती, घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी. पण गावातल्या आज ज्या घरांत रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना होते, त्यांतल्या निम्म्या घरांत येशूचं नाव पहिल्यांदा गेलं ते तिच्या तोंडून. तेही बहुधा जात्यापाशी बसून, दळणाला हात लावत.

आजी १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झाली. कोणीतरी बैलगाडीत घालून तिला नगरला मिशनच्या अनाथ मुलींत आणून सोडलं. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल, तिला स्वतःला नक्की ठाऊक नव्हतं. तिथे ती वाचायला शिकली. पुढे लग्न झालं, तीन मुलं झाली, प्लेगनं नवरा गेला आणि ती बायबलबाई झाली. कमरेला दोन कप्प्यांची चंची असायची. डावीकडच्या कप्प्यात चिंचोके. ज्या घरी बसून वाचलं, दोन शब्द बोलली, त्या घराचा एक चिंचोका उजवीकडे जायचा. संध्याकाळी ते ओट्यावर ओतून मोजायचे, मग माझे वडील वहीत लिहायचे: घरं अमुक, ऐकणाऱ्या बाया अमुक, पुस्तकं विकली अमुक. महिन्याअखेर तो हिशेब नगरला जायचा. वडिलांना आकडे लिहायचं वळण लागलं ते त्या चिंचोक्यांवर. पुढे ते शिक्षक झाले, त्यांच्या मागून मी झाले.

मंडळीचा इतिहास लिहायचा म्हणजे पाटीवरच्या नावांचा इतिहास लिहायचा, असं आमच्याकडे धरून चालतात. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या कशा उभ्या राहिल्या हे वाचत गेले तशी माझी खात्री पटत गेली की गोष्ट पाटीच्या फार आधी सुरू होते.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले १८१३ मध्ये. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांच्या मिशनचं ठाणं पडलं १८३१ च्या अखेरीस. १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली, आणि तिचे पहिले सभासद बरेचसे गावातल्या निराश्रितांच्या आसऱ्यातले होते: आंधळे, पांगळे, ज्यांना घरच्यांनी टाकलेलं असे. त्यांची देखभाल करणारा बाबाजी हा ब्राह्मण. त्यानं बाप्तिस्मा घेतला होता आणि नव्या मंडळीनं त्याला वडील (एल्डर) म्हणून निवडलं होतं. त्याच वर्षी तो पटकीनं गेला. हॉलिस रीड या मिशनऱ्यानं १८३६ मध्ये त्याचं चरित्र अमेरिकेत छापलं. मी त्या मंडळीचा विचार करते तेव्हा डोळ्यांपुढे व्यासपीठ येत नाही. येतो तो रांगेत बसलेल्या आंधळ्या माणसांना भाकरी वाढणारा एक ब्राह्मण. आमच्या मंडळीत पहिला वडील झाला तो वाढपी होता, याचा मला अभिमान वाटतो.

पुढची वीस वर्षं पाळकपण मिशनऱ्यांकडेच राहिलं. मंडळी मात्र खेड्यांत वाढत होती, आणि ती मुख्यतः महारवाड्यांत वाढत होती. आमचं घराणंही तिथलंच. एक मुद्दा कुठे कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, म्हणून तो इथे जरा सविस्तर मांडते.

गावगाड्यात महाराकडे कोणती कामं होती? वेस राखणं. मयताचा सांगावा दहा-दहा कोस चालत पोचवणं. सरकारी टपाल, खजिना एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं. आणि शिवाराची हद्द सांगणं. दोन गावांत बांधावरून तंटा झाला तर महाराची साक्ष काढत, कारण कुठला दगड कधी रोवला ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या तोंडपाठ. म्हणजे ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं त्याच्याच पायांवर, स्मरणशक्तीवर आणि शब्दावर गाव चाललं होतं. वेतन काय, तर बलुत्याचं धान्य आणि मागून आणलेली भाकरी. त्यातही अपमान कालवलेला.

हीच माणसं उपदेशक झाली. चालणं त्यांना शिकवावं लागलं नाही. निरोप जसाच्या तसा पोचवणंही शिकवावं लागलं नाही. शुभवर्तमान म्हणजे सांगावाच, फक्त यावेळी मरणाचा नव्हता. साक्ष देणं हा शब्द आमच्या मंडळीत आज दर रविवारी वापरला जातो. बोलणाऱ्याला माहीत नसतं की त्याचा पणजोबा बांधावर उभा राहून साक्ष देत होता. शिवाय त्या वस्त्यांत कबीरपंथी गुरू होते, एकतारीवर रात्र जागवणारे भजनी होते. त्यांतले काही गुरू ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचे शिष्यही त्यांच्या मागून आले. गुरू, शिष्य, उपदेश घेणं, पंगतीला बसणं ही सगळी भाषा मिशनरी येण्याआधीची. त्या वस्तीत शिष्यपण नवं नव्हतं. एवढंच की आता गुरूनं शिष्यांचे पाय धुतले होते, आणि ते ऐकून माणसं गप्प होत.

मिशनऱ्यांनी दिली ती अक्षरं, आणि ही देणगी लहान नव्हे. सिंथिया फरार या बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत अशा मुली खेड्यांत उपदेशकांच्या बायका म्हणून गेल्या आणि प्रत्येकीनं आपल्या ओसरीवर चार पोरी गोळा केल्या. मिशनचं ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. खेड्यात ते एकजण वाचायचा आणि पंधराजण ऐकायचे.

मग आलं १८५४ साल. अमेरिकेतल्या मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन त्या वर्षी हिंदुस्थानच्या पाहणीला निघाले. इंग्लंडमधले हेन्री व्हेन आणि हे अँडरसन, दोघांनी एकच विचार मांडला होता: मंडळीनं स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि स्वतःच पसरावं. मिशनरी हा बांधकामाच्या पहाडासारखा आहे, भिंत उभी राहिली की पहाड उतरवायचा. ही उपमा माझी आहे, विचार त्यांचा. त्याच वर्षी नगरला दोन मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली: हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक. (खिस्ती हे आडनाव मूळचंच, धर्मांतरावरून पडलेलं नव्हे. वाचणारे इथे नेहमी फसतात.) दोघे ब्राह्मण घरातले. त्यांच्या पुढ्यात बसणारी मंडळी बहुतेक महार-मांगांची. प्रभुभोजनाचा प्याला त्यांच्या हातून या हातांत जात होता आणि पुन्हा त्यांच्या ओठांशी येत होता. सावलीचाही विटाळ मानण्याच्या काळात नगरच्या एका खोलीत हे घडत होतं. मला ते डोंगर हलवण्याइतकं मोठं वाटतं.

तरी एक बोच आहे, ती लपवत नाही. पहिले दोन्ही पाळक शिकलेल्या जातीतून आले, कारण पाळकपणासाठी लागणारं शिक्षण त्या जातीत आधीच होतं. वस्तीतले उपदेशक पाय झिजवत राहिले आणि त्यांच्यातून पाळक व्हायला आणखी वेळ लागला. सभासदांना सेवेसाठी सिद्ध करणं म्हणजे त्यांना वर आणणं, असं मानलं की हा उशीर होतोच. त्यांच्या हातात आधीच काय आहे ते ओळखणं हा दुसरा मार्ग. नगरकरांनी तो शोधला, आणि तो कीर्तनात सापडला.

हेन्री बॅलंटाईन हे १८३५ मध्ये आलेले मिशनरी, नगरच्या मंडळीचा कणा. त्यांनी मराठीत गीतं रचली, पण चाली विलायती. मंडळी ती आवडीनं गाई, आजही गाते. १८६५ मध्ये आजारी होऊन ते मायदेशी निघाले आणि वाटेत बोटीवरच वारले. पण विलायती चाल वेशीबाहेरच्या माणसाला थांबवत नाही. १८६० च्या दशकात नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतलं. पूर्वरंगात एक वचन घ्यायचं, त्याचं निरूपण करायचं. उत्तररंगात आख्यान लावायचं: योसेफाला भावांनी विकलं ते, उधळ्या पुत्राचं, नाहीतर लाजराचं. मागे मृदंग, झांजा, दोघे-चौघे टाळकरी. रात्री कंदील टांगला की गावातल्या साऱ्या जाती येऊन उभ्या राहत, कारण कीर्तन ऐकू नये असं कुणाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

यात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. जन्म १८३४, मृत्यू १९०८. ते गीतकार आणि कीर्तनकार. सर्वस्व वाहून टाकण्याबद्दलचं त्यांचं एक गीत नगरचे मिशनरी आल्डन क्लार्क यांनी इंग्रजीत नेलं आणि ते अमेरिकेतल्या चर्चच्या गीतपुस्तकांत गेलं. तिथे त्याच्या चालीचं नाव अजून ‘तन मन धन’ असं मराठीतच छापतात. ज्या देशानं उपदेशक पाठवले त्या देशाच्या चर्चमध्ये आमच्या मातीतली चाल घुमते, हे कळलं त्या दिवशी मी आजीची ट्रंक उघडून तिचं जुनं गीतपुस्तक किती वेळ हातात घेऊन बसले होते.

कीर्तनानं नेतृत्वाचं काय झालं, ते मात्र गीतपुस्तकात सापडत नाही. व्यासपीठावरचा उपदेश एकट्याचा असतो. कीर्तनाला माणसं लागतात. टाळकरी लागतो, मृदंगिया लागतो, ध्रुपद उचलणारे लागतात, मधे बुवांना श्वास घ्यायला अवसर मिळावा म्हणून एखादं पद म्हणणारं पोरगं लागतं. त्या पोराला आख्यान ऐकून ऐकून पाठ होतं. एखाद्या रात्री बुवांचा घसा बसतो आणि पोरगं उभं राहतं. आमच्या भागात कितीतरी उपदेशक असेच तयार झाले, कुठल्याही वर्गात पाय टाकण्याआधी. टाळ धरणारा हात मागून चालत चालत पुढे येतो, ही वारकऱ्यांची रीत आम्ही घेतली आणि ती आम्हाला फळली.

वर्ग पुढे निघालेच. १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला ईश्वरविद्येचं विद्यालय सुरू केलं. ह्यूम मुंबईतच जन्मलेले, मिशनऱ्यांचे चिरंजीव, मराठी त्यांना घरची. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता, खेड्यांत माणसं ख्रिस्ती होत होती आणि त्यांना शिकवायला माणूस नव्हता. नेवासे तालुक्यात वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक शाळामास्तरांचं आणि उपदेशकांचं जाळं विणत होते. राहुरीला बॅलंटाईन यांचे चिरंजीव डॉक्टर होऊन परतले. शाळामास्तर आठवडाभर मुलांना शिकवी आणि रविवारी तोच उपासना चालवी. एकच खोली, एकच फळा, एकच माणूस.

याच काळात एक अडचण रुजत गेली, आणि ती होती पगाराची. मास्तराला, उपदेशकाला, बायबलबाईला पगार मिशनचा. तो नसता तर पुष्कळांच्या चुली पेटल्या नसत्या. बलुत्याच्या अपमानातून सुटायला तोच आधार होता. पण गावातला माणूस म्हणू लागला, हा बोलतो कारण त्याला बोलायचे पैसे मिळतात. आणि मंडळीतला माणूस म्हणू लागला, ते काम त्यांचं, त्यांना पगार आहे, आम्ही कशाला? पहिलं बोलणं लागायचं. दुसऱ्यानं मात्र मंडळीच पोखरली. आजीलाही पगार होता, तिचा त्यातला दशांश पहिल्याच रविवारी परत अर्पणाच्या पिशवीत जाई. शिवाय रोज पीठ मळताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात. बायांची मूठ हे तिनं आमच्या गावात लावलेलं वळण. पगार नसलेल्या बाईलाही काही देता यावं, म्हणून.

पगाराची ही गाठ सोडवायला निघालेला माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला येऊन मिशनचं काम केलं, विद्यालयात शिकवलं, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत, आणि ती नुसती बोलण्याची गोष्ट नव्हती. भजन, अभंग, कीर्तन यांनी त्यांनी मराठी उपासनेचा सूरच बदलला. आजीनं त्यांना नगरला एकदा ऐकलं होतं, तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची. ती सांगायची, बोलताना ते डोळे मिटत आणि मग बराच वेळ उघडत नसत, आणि इतक्या माणसांत कोणी खोकत नसे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम आणि त्याबरोबरचा पगार सोडला. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. वरून नेमलेला कोणी नाही, खालून हुकूम ऐकणारा कोणी नाही, भाऊबंदांसारखं राहायचं. हे सगळं त्यांच्या घराला काय भावात पडलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावं. दरबाराला दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. १९१९ च्या मे महिन्यात टिळक मुंबईला वारले. पुष्कळ अभ्यासक दरबाराला अपुरं राहिलेलं स्वप्न म्हणून पुढे जातात. मला तसं पुढे जाता येत नाही. पाळकाचा पगार हा प्रश्न पैशाचा नसून नात्याचा आहे, हे त्यांनी स्वतःच्या संसाराची किंमत देऊन दाखवलं. मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातलं मालक-नोकराचं नातं मोडल्याशिवाय गुरुबंधूंचं नातं येणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. दरबार उठला म्हणून ते खोटं ठरत नाही.

टिळकांच्या दरबाराच्याही आधी, केडगावला (दौंडजवळच्या, आमच्या नगरच्या वेशीवरच्या नव्हे) पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये निराळं काही घडत होतं. दुष्काळातून, बालवैधव्यातून आलेल्या मुली १९०५ मध्ये रोज प्रार्थनेला जमू लागल्या, आणि त्यांच्यातल्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीच्या छापखान्यातल्या बायांनी. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडलं. ज्या हातांना कुणी पाटी-पेन्सिल देत नव्हतं त्या हातांनी आख्खा पवित्र शास्त्राचा ग्रंथ अक्षर-अक्षर उचलून रचला. त्यांतल्या एकीलाही पाळकपदाची दीक्षा नव्हती.

१९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला. आजीचा पगारही आटत गेला आणि मग थांबला. ती मात्र फिरत राहिली. चिंचोक्यांचा हिशेब मागणारं आता कोणी नव्हतं, तरी संध्याकाळी ते ओट्यावर ओतले जायचेच. वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी गेले, मोजायला मी बसू लागले. मला आठवतात ते १९५८-५९ चे दिवस: आजीची टाच भेगाळलेली, तिला मी खोबरेल लावायची आणि ती सांगायची, आज अमक्या घरी सून आजारी आहे, तमक्या घरी बैल गेला, तिथे वाचलं नाही, नुसती बसले. मग मी विचारायची, त्याचा चिंचोका घ्यायचा का? ती म्हणायची, घ्यायचा.

१९२४ मध्ये आमच्या मंडळ्या संयुक्त उत्तर हिंदुस्थानी मंडळीत सामील झाल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि निरनिराळ्या पंथांची माणसं एका छपराखाली आली. त्या ऐक्याचा मला मनापासून आनंद आहे. त्याबरोबर बिशपांची व्यवस्था आली. पूर्वी सभासदांनी हात वर करून पाळक निवडायची रीत होती, आता पाळक नेमून येतात आणि बदलून जातात. चांगले येतात. पण एकेका पाळकाकडे चार-चार गावं, आणि ते येणार नाहीत त्या रविवारी काय करायचं हे मधल्या एका पिढीला खरोखरच उमगत नव्हतं. लोक येत, बाकांवर बसत, दोन गीतं म्हणत, घरी जात. ज्या मंडळ्या पाळक येण्याआधी कित्येक वर्षं चालल्या, त्यांच्या नातवंडांना पाळकावाचून एक तास काढता येत नव्हता, याचं मला फार दुःख होई.

निवृत्त झाल्यावर मी मंडळीच्या तरुणांना घेऊन बसू लागले. वर्ग असं नाव दिलं नाही. आजीचं गीतपुस्तक, एक पेटी, टाळांचे चार जोड. वचन कसं निवडायचं, आख्यान कुठे थांबवायचं, कुठे पद घालायचं. कोणी एसटीत वाहक आहे, कोणी औषधाच्या दुकानात, एक मुलगी बारावीला. त्यांना बोलायला शिकवण्याआधी मी त्यांना चार घरी नुसतं बसून यायला सांगते.

मागच्या कापणीच्या सणाला पाळकसाहेब दुसऱ्या गावी होते. वेदीपुढे कणसं, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा, नेहमीचा थाट. उपदेशाला वाहक मुलगा उभा राहिला. रूथचं आख्यान लावलं होतं, मोआबातून आलेली परकी सून लोकांच्या शेतात सरवा वेचते ते. बारावीच्या मुलीनं ध्रुपद उचललं, म्हाताऱ्या बायांनी त्यात आवाज मिसळला. रूथ नामीला सोडून जात नाही तिथे मुलगा थांबला, घोट गिळला आणि पुढचं विसरला. मागच्या बाकावरून कुणीतरी पद सुरू केलं, ते संपेपर्यंत त्याला आठवलं.

उपासना सुटल्यावर तो माझ्यापाशी आला. “बाई, मधे चुकलो ना?”

“पुढच्या रविवारी नामीच्या अंगानं सांग,” मी म्हटलं. “आणि आधी धनगरवस्तीवर जाऊन ये. तिथल्या म्हातारीचा मुलगा गेलाय.”

त्यानं विचारलं, तिथे काय बोलू? मी पिशवीत हात घातला आणि त्याच्या तळहातावर एक चिंचोका ठेवला.